आक्का आणि निपाणीचा ळ

आक्काचा मला हेवा वाटतो. ‘वाटायचा’ असं लिहायला घेतलं होतं, पण ते खरं नाही. ती आमच्या कंपनीत आली तेव्हा वाटायला लागला आणि ती सोडून गेली तरी तो काही गेला नाही. हे आधीच सांगतो. पुढं कुठं मी तिला थोडं कमी लेखलेलं दिसलं, तर त्याचं कारण तुम्हाला ठाऊक असलेलं बरं.

आमचं ऑफिस कॅम्पात, छावणीच्या भागात आहे. खाली लष्करी गणवेश शिवणाऱ्या शिंप्याचं दुकान, वर आम्ही. पतसंस्थांसाठी सॉफ्टवेअर करतो. ठेवी, कर्जं, पासबुक, पावत्या. खानापूर, संकेश्वर, चिकोडी, निपाणी, अशा गावोगावच्या संस्था आमच्याकडं आहेत. पावती कन्नड आणि मराठी दोन्हींत निघते. त्यातलं एखादं अक्षर जरी इकडचं तिकडं झालं, तरी आमच्या ह्या सीमाभागात, जिथं मराठी-कन्नडाचा वाद जुना आहे, लोक त्याला नुसती चूक म्हणत नाहीत.

नवीन सॉफ्टवेअर ह्या सगळ्या संस्थांना चढवायचं काम माझं होतं. बाकीचे आठवडाभर लिहायचे. रविवारी संस्था बंद असतात, तेव्हा सकाळी अंघोळ करून मी ऑफिसला जायचो. सगळ्यांचं काम गोळा करायचो, एकत्र बांधायचो, चालतंय का बघायचो आणि मग एकेका संस्थेच्या सर्व्हरवर हातानं नेऊन ठेवायचो. कुठली फाइल आधी, कुठली नंतर, खानापूरला काय बंद करून घ्यायचं, चिकोडीला कशाला अजिबात हात लावायचा नाही, हे सगळं माझ्या डोक्यात होतं आणि दुसऱ्या कुणाच्याच डोक्यात नव्हतं. लग्नाकार्याला गेलो की आमचे सर मला पुढं करून सांगायचे, “हा एक रविवार आला नाही तर आपलं दुकान बंद.” लोक हसायचे. मी नको नको म्हणायचो. आई शेजारणीला सांगायची, ह्याच्याशिवाय सोसायट्या उघडत नाहीत. ते ऐकून न ऐकल्यासारखं करत मी चप्पल घालायचो.

अशा वेळी आक्का आली.

ती नंदगडच्या पलीकडच्या एका खेड्यातली. घरची भातशेती. बेंगळूरला मोठ्या कंपनीत बरीच वर्षं काढून ती परत आली होती. का आली ह्याबद्दल ऑफिसात प्रत्येकाचं स्वतःचं मत होतं आणि तिला विचारायचं धाडस कुणाचं नव्हतं. मला पुण्याहून, बेंगळूरहून बोलावणी आली होती, मी गेलो नाही. आईचं कारण होतं, आणि खरं सांगायचं तर भीतीही होती. ती मात्र जाऊन, बघून, नको म्हणून परत आलेली. न जाणं आणि परत येणं ह्यांत केवढा फरक आहे, ते तिच्या नुसत्या चालण्यावरून कळायचं.

उंच, हडकुळी बाई. मनगटावर पुरुषी घड्याळ, अंगात बारा महिने बिनबाह्यांचा स्वेटर. टेबलाखाली चपला काढून पाय खुर्चीवर घेऊन बसायची. अकरा वाजले की डबा उघडायची. “शेतात ह्याच टायमाला भाकरी येत्या,” म्हणायची, आणि भर मीटिंगमध्ये सरांसमोर भाकरी मोडायची. माणसांशी मराठीत बोलायची, मशीनशी मात्र कन्नडात, कारण तिच्या मते मशीनला बेंगळूरची सवय. बोलणं आमच्याकडच्या बायकांचं, “मी येतो, मी करतो, मी खाल्लो” असं. बेंगळूरनं तेवढं काही बदललेलं नव्हतं. पहिल्या दिवसापासून सगळे तिला आक्का म्हणायला लागले. सरसुद्धा, आणि सर तिच्याहून चांगले मोठे.

पहिल्याच रविवारी ती ऑफिसला आली. कुणी बोलावलं नव्हतं. माझ्या मागं खुर्ची ओढून बसली.

“ही फाइल आधी का ठेवलासा?”

“ती आधीच ठेवायची असते.”

“का?”

“नाहीतर पासबुक छापत नाही.”

“का छापत न्हाय?”

“एकदा छापलं नव्हतं.”

“मग तवापास्नं?”

“तेव्हापासून आधी.”

तिनं मान हलवली. टिंगल नव्हती त्यात, पण मला ती टिंगलच वाटली. सगळं चढवून होईपर्यंत ती तशीच बसून होती, आणि मी जे जे करेन त्याला तिचं “का” असायचंच. शेवटी म्हणाली, “अण्णा, तुमी आजारी पडलासा तर?”

“पडत नाही.”

“पडत न्हाय म्हंजे?”

“रविवारी पडत नाही.”

मला वाटलं होतं ती हसेल. ती हसली नाही. “हे वाईट हाय,” म्हणाली. “तुमच्यासाटीच वाईट हाय.”

मग तिनं सरांना सांगून टाकलं, हे सगळं मशीनकडून करून घ्यायचं. कुणी नवीन कोड लिहून आत टाकला की मशीननं तो आपणहून उचलायचा, बांधायचा, त्याची परीक्षा घ्यायची, पास झाला तर आधी एका कच्च्या, नुसत्या चाचणीच्या सर्व्हरवर ठेवून बघायचा आणि मग सगळ्या संस्थांना एकदम पोचवायचा. मध्ये कुठं बिघडलं तर तिथंच थांबायचं. नको असेल तर एका बटणावर जुनं परत आणायचं. माणसानं हात लावायचा नाही. मोठ्या शहरांत हे कधीचं चालू होतं, मला ऐकून माहीत होतं. पण आमच्या संस्था वेगळ्या, आमची माणसं वेगळी, हितं नाही चालायचं, असं मी सगळ्यांना सांगत आलो होतो.

एकदा सरांच्या केबिनचं दार अर्धवट उघडं होतं आणि मी चहाचा कप घेऊन बाहेर होतो. सर म्हणत होते, “आक्का, हे सगळं मशीन करायला लागलं तर एक माणूस कमी लागेल की आपल्याला.”

एक माणूस म्हणजे कोण, हे सांगायची गरज नव्हती. खाली शिंप्याचं मशीन खडखडत होतं. ते थांबल्यावर आक्काचा आवाज आला.

“चुका कमी हुतील, सर. माणूस कमी करायचा असंल तर आत्ताच सांगा. मी हे अर्ध्यावर सोडतो आनि घरला जातो.”

सर काहीतरी पुटपुटले. ती बाहेर आली, मला बघितलं आणि न थांबता जागेवर जाऊन बसली. ह्या गोष्टीचा तिनं पुढं कधी उल्लेख केला नाही. माझी नोकरी तिनं वाचवली होती, आणि ती धोक्यात आणलीही तिनंच होती. ज्याचा हेवा वाटतो त्यानंच आपली बाजू घ्यावी, ह्याच्याइतकी अवघडायला लावणारी दुसरी गोष्ट मी तरी अनुभवलेली नाही. आभार मानता येईनात आणि रागही धरता येईना.

सरांनी मला तिच्याकडं शिकायला बसवलं.

तिचं शिकवणं म्हणजे न सांगणं. मी रविवारी हातानं जे करायचो ते आता पायरीपायरीनं मशीनला कळेल असं लिहायचं होतं. लिहायला बसलो तेव्हा लक्षात आलं, माझा हात काय काय करतो ते मलाच ठाऊक नाही. एखादं दार उघडताना आपण ते आधी थोडं वर उचलतो, तसलं काहीतरी मी दर रविवारी करत होतो, आणि मशीनला दार उचलायचं माहीत नव्हतं. ते अडायचं. पडद्यावर लाल अक्षरांत ओळीच्या ओळी यायच्या. मी आक्काकडं वळायचो.

“वाचा,” ती म्हणायची.

“वाचलं.”

“शेवटनं वाचलासा. वरनं वाचा.”

आणि ती शेंगा फोडत बसायची. टरफलांचा ढीग स्वेटरच्या ओच्यात. मी घाम पुसत वाचायचो. कारण नेहमी तिथंच लिहिलेलं असायचं, वरच्या कुठल्या तरी ओळीत, अगदी साध्या शब्दांत. तिला ते कधीच दिसलेलं असायचं हेही मला कळायचं.

एक दिवस मी लिहिलेल्या पायऱ्यांची साखळी पहिल्यांदा सुरुवातीपासून शेवटपर्यंत आपोआप चालली. कोड उचलला, बांधला, परीक्षा घेतली, कच्च्या सर्व्हरवर नेऊन ठेवला. मी हात मांडीवर ठेवून बघत होतो. लहानपणी बाबांनी सायकलवरचा हात काढून घेतला होता आणि तरी सायकल चालतच राहिली होती, तसं वाटलं.

“झालं, आक्का.”

“परत लावा.”

“झालं की आता.”

“एकदा झालं. दुसऱ्यांदा झालं तर झालं म्हणायचं.”

परत लावलं, आणि ते अडलं. आक्का उठली, टरफलं कचऱ्याच्या डब्यात झटकली आणि समाधानानं घरी गेली. त्या वेळी मला तिचा जो राग आला होता तो आज लिहिताना हसू येण्याइतका जुना झालेला आहे, पण पूर्ण गेलेला नाही.

तिच्या सगळ्याच तऱ्हा वेगळ्या. गावच्या गणपती मंडळाची जुनी दिव्यांची माळ आणून तिनं ऑफिसच्या भिंतीवर टांगली आणि मशीनला जोडली. परीक्षेत कुणाचा कोड नापास झाला की सगळी माळ लाल, पास झाला की हिरवी. खालचा शिंपी वर येऊन विचारून गेला, आता कसला सण आहे. ज्याच्यामुळं लाल झाली त्यानं उभं राहून काय झालं ते सगळ्यांना सांगायचं, बस, एवढाच नियम. कुणी रागवायचं नाही, कुणी हसायचं नाही. एकदा सरांच्या कोडमुळं लाल झाली. सर फोन आल्याचं निमित्त करून उठले. आक्का म्हणाली, “फोन झाल्यावर सांगा, सर, आमी हाय हितंच.” आणि सरांनी येऊन सांगितलं.

नवीन सॉफ्टवेअर संस्थांना निघालं की ती खोलीच्या मधोमध येऊन उभी राहायची, दोन्ही हात पाठीमागं बांधून, शाळेतल्या प्रार्थनेला उभं राहिल्यासारखी. “हात काढा,” म्हणायची. सगळ्यांनी कीबोर्डवरचे हात काढायचे. ज्यांचा काही संबंध नाही त्यांनीसुद्धा. हिशेबनीस बाईसुद्धा कॅल्क्युलेटर बाजूला ठेवायच्या. “आता ते करालंय. त्येला करू द्या.” ह्याच वेळात पूर्वी माझा एकट्याचा हात चालायचा आणि सगळी कंपनी माझ्याकडं बघत असायची. आता मीही इतरांसारखा हात मांडीवर घेऊन बसायचो.

शुक्रवारी दुपारी ती स्वतःच्याच कोडात मुद्दाम काहीतरी मोडून ठेवायची. व्याज उलटं लावायची, तारीख गाळायची, आणि माळेकडं बघत बसायची. माळ लाल झाली की तिचा चेहरा पडायचा. हिरवीच राहिली तर लहान मुलीसारखी खूश व्हायची. “घावलं,” म्हणायची. परीक्षेत भोक सापडलं, ते बुजवता येईल, ह्याचा तो आनंद. स्वतःच्या कामात भोक सापडल्यावर आनंद होणारं माणूस मी त्याआधी बघितलं नव्हतं.

हळूहळू संस्थांचे क्लार्क मला फोन करून “आक्का हायत काय?” असं विचारायला लागले. एकदा ती आमच्या घरी चहाला आली. आईनं तिला आतल्या खोलीत नेऊन बसवलं, दोघी बराच वेळ बोलत होत्या. ती गेल्यावर आई म्हणाली, “रविवारी तू घरी असतोस आता. बाईनं बरं केलं बघ.” ज्या रविवारांचं आईला एवढं कौतुक होतं असं मी समजत होतो, ते तिला मनातून नकोच होते, हे मला तेव्हा कळलं. तेही आक्कामुळं.

आता निपाणीचं सांगतो.

क्लार्क लोक नावं टाइप करताना मध्येच ठिपके, आकडे, नको ती चिन्हं टाकतात आणि ती तशीच पावतीवर छापून येतात. ती गाळून टाकायची सोय आक्कानं केली. प्रत्येक भाषेच्या अक्षरांची एक यादी, त्या यादीत असेल तेवढंच ठेवायचं, बाकी काढून टाकायचं. परीक्षा पास झाली, माळ हिरवी झाली, आम्ही हात काढले, सॉफ्टवेअर सगळीकडं पोचलं.

सोमवारी सकाळी निपाणीच्या संस्थेच्या चेअरमनांचा फोन आला. वयस्कर माणूस, हायस्कूलचे रिटायर्ड हेडमास्तर, आवाज कधी चढत नसे. त्या दिवशी चढलेला होता. मराठी पावत्यांवरचा ळ गेला होता. कांबळेंचं कांबे झालं होतं. माळी नावाच्या माणसाच्या पावतीवर ‘मा’ होता आणि त्याच्यापुढं ठिपक्यांच्या एका गोलाला टांगलेली नुसती वेलांटी. त्याच पावतीवर वरच्या बाजूला कन्नडातला ळ मात्र धडधाकट होता.

“लोकं जमल्यात,” चेअरमन म्हणाले. “मराठीच पुसायला लागल्यात म्हणून फोटो फिरालेत मोबाइलवर. कुणीतरी समोर येऊन बोला. मी काय सांगू ह्यांना?”

आक्कानं आधी बटण दाबून सगळ्या संस्थांना जुनं सॉफ्टवेअर परत आणलं. सर केबिनमधून उठून आमच्यापर्यंत येईस्तोवर ते झालं होतं. पूर्वी मला त्याला पुरी सकाळ गेली असती. पण ज्या पावत्या लोकांच्या हातात गेल्या होत्या त्या परत येणार नव्हत्या. मग ती वरच्या ओळी वाचत बसली आणि कारण तिला सापडलं. मराठीसाठी अक्षरांची यादी तिनं तयार घेतली होती, ती हिंदीसाठी केलेली होती, आणि हिंदीत ळ नाही. परीक्षेसाठी नावं घातली होती ती तिच्या गावची, पाटील, देसाई, गुरव, नाईक. त्यांत एकातही ळ नव्हता.

सर म्हणाले, “तांत्रिक अडचण असं एक पत्रक काढू.”

“मी जातो,” आक्का म्हणाली.

सरांनी मला बरोबर पाठवलं. मी आनंदानं गेलो. खोटं कशाला सांगू, माझ्या मनात गुदगुल्या होत होत्या. माळ, परीक्षा, हात काढा, आणि एवढं करून ळ गाळला बाईनं. बसनं काकती गाव मागं टाकलं तेव्हा ती खिडकीला डोकं टेकून डोळे मिटून बसली होती. मी मनातल्या मनात वाक्यं जुळवत होतो, ‘प्रणाली अद्ययावत करताना उद्भवलेल्या’ असली. ती गोंधळली की मी पुढं होणार होतो. निपाणीचे लोक मला वर्षानुवर्षं ओळखत होते.

संस्थेच्या हॉलमध्ये गर्दी होती. काउंटरच्या आत क्लार्क भिंतीला टेकून उभा होता. कन्नड माणूस, दोन्ही भाषा सारख्याच सफाईनं बोलणारा, आणि त्या दिवशी कुठल्याच भाषेत तोंड उघडायला तयार नसलेला. चेअरमन आमच्याबद्दल काही सांगायच्या आत एक फेटेवाले गृहस्थ पुढं आले आणि पावती आक्काच्या नाकासमोर धरली.

“माझं नाव गोपाळ पोळ. हितं काय लिवलंय वाचा.”

आक्कानं मोठ्यानं वाचलं. “गोपा पो.”

मागं कुणीतरी फिसकन हसलं आणि गप्प झालं.

“चूक मी केलो,” आक्का म्हणाली.

“कंपनीनं केली म्हणा.”

“कंपनीनं न्हाय. मी. अक्षरांची तयार यादी घेतलो, ती हिंदीची होती. तिच्यात ळ न्हाय. मला ते दिसाय पायजे होतं, दिसलं न्हाय.”

“कन्नडातला बरा ऱ्हायला,” मोबाइल धरून उभा असलेला एक तरुण म्हणाला. क्लार्कनं मान खाली घातली. मी माझं वाक्य घशाशी आणून ठेवलं होतं, ते तिथंच राहिलं.

आक्का त्या तरुणाकडं वळली. “कन्नडाची यादी कन्नड माणसानं केलती. बघून केलती. मराठीची मी, मराठी माणसानं, न बघता उचललो. आता राग कुणावर काढायचा ते तुमी ठरवा. माझ्यावर काढलासा तर बरोबर हुईल.”

तरुणानं मोबाइल खाली घेतला. मग ती म्हणाली, “माझं एक काम करा. आमच्या परीक्षेत ळ असलेलं एकबी नाव नव्हतं, म्हणून मशीन पास झालं. तुमची नावं द्या. बापाचं द्या, आज्ज्याचं द्या. हितनं पुढं आमी कायबी बदललो की मशीन आधी तुमची नावं छापून बघंल. त्यातलं एक चुकलं तरी पुढं जाणार न्हाय.”

“म्हंजे माझ्या नावावर अडणार?” पोळांनी विचारलं.

“तुमच्या नावावर अडणार.”

पोळांनी फेटा सारखा केला. “घ्या मग. गोपाळ बाळाप्पा पोळ. नीट घ्या.”

मी लॅपटॉप उघडून बसलो. नावं घेत गेलो. भांडायला आलेली माणसं रांगेत उभी राहून नावं सांगायला लागली. धुळाप्पा, मंगळाबाई, साळोखे, बाळू, काळे. एका बाईनं कडेवरच्या बाळाकडं बोट करून सांगितलं, ह्याचं नाव अजून ठेवलेलं नाही. चेअरमन म्हणाले, ळ असलेलंच ठेवा. आता लोक मोकळेपणानं हसले. शेवटी क्लार्क भिंतीपासून सुटून पुढं आला आणि म्हणाला, “आक्का, आमचंबी घ्या. तळवार. दोनी भाषेत घ्या.” आक्कानं मला मान हलवून खूण केली. मी घेतलं.

मग तिनं ती सगळी नावं बिघडलेल्या सॉफ्टवेअरवर लावून दाखवली. पडदा लाल झाला. लोकांनी माना पुढं काढून बघितलं. तिनं यादी दुरुस्त केली, परत लावलं, पडदा हिरवा झाला. सॉफ्टवेअर सगळ्या संस्थांना निघालं. सवयीनं ती म्हणाली, “हात काढा.” मला म्हणाली होती ती, पण काउंटरवर टेकलेल्या सगळ्यांनी हात काढून घेतले. गोपाळ पोळांनीसुद्धा.

वर्षानुवर्षं मी त्या हॉलमध्ये येत होतो. बिघडलेलं हातानं दुरुस्त करून, चहा पिऊन, लोकांचे आभार घेऊन जात होतो. तिथं ती एकदाच आली, तेही चूक करून आली, आणि त्या गावाची नावं आमच्या मशीनमध्ये कायमची घालून गेली. आजही आम्ही एक ओळ बदलली तरी निपाणीची ती माणसं आधी छापून येतात आणि मगच पुढचं काम होतं. माझं नाव त्यांत नाही. माझ्या नावात ळ नाही.

परतीच्या बसमध्ये मी विचारलं, “आक्का, भीती नाही वाटली?”

“वाटली की. जाताना डोळं मिटून बसलतो त्ये कशासाटी?”

हे तिनं सांगायला नको होतं, असं मला वाटलं. तिला भीतीच वाटत नाही, ती मुळातच तशी घडलेली आहे, असं धरून चाललं होतं तोवर हेव्यात थोडा आराम होता. भीती वाटते आणि तरी ती जाऊन उभी राहते, म्हटल्यावर मला सबब उरली नाही.

त्यानंतर फार दिवस ती राहिली नाही. एका साध्या बुधवारी तिनं सरांना सांगितलं की हितलं काम संपलं. सरांनी बरंच समजावलं, मोठं पद देऊ केलं. “पद घेऊन काय करू? काम न्हाय आता,” म्हणाली. स्वेटर झटकला, डबा पिशवीत घातला आणि गावी गेली. तिची जागा मला मिळाली.

ती गेल्यावर मी वाट बघत होतो, काहीतरी अडेल. एखादी अशी गोष्ट जी फक्त तिलाच ठाऊक होती. मग एक तर तिला बोलवावं लागेल, नाहीतर मी ती सोडवीन आणि सर परत लग्नात मला पुढं करतील. तसं काही घडलं नाही. सगळं चालत राहिलं. मी नवीन लोकांना “वाचा, वरनं वाचा” सांगायला लागलो. मी रजेवर गेलो तरी चाललं. स्वतःशिवाय चालेल असं काम उभं करायचं आणि ते चालताना बघायलाही थांबायचं नाही, ही ताकद कुठून येते, मला माहीत नाही. माझ्यात ती नाही एवढं माहीत आहे.

गेल्या हिवाळ्यात खानापूरला काम निघालं म्हणून मी गाडी घेऊन गेलो आणि परत येताना वाट वाकडी करून तिच्या गावी गेलो. घरी कुणी नव्हतं. शेजाऱ्यांनी शेत दाखवलं. भात कापून झालेलं होतं. रिकाम्या शेतात आक्का ट्रॅक्टरवर बसली होती आणि शेजारी मडगार्डवर तिची वहिनी. वहिनी ट्रॅक्टर शिकवत होती. तिच्या आवाजावरून ती बराच वेळ शिकवत असावी.

“हळू सोडा म्हटलो न्हवं? हळू म्हंजे हळू.”

ट्रॅक्टरनं एक गचका दिला आणि बंद पडला. आक्का हसली. परत चालू केला, परत गचका, परत बंद. तिनं मला बघितलं, हात वर केला आणि खाली उतरून आली. वहिनीनं किटलीतून चहा दिला.

बांधावर बसून तिनं माझ्या आईच्या गुडघ्यांबद्दल विचारलं. रस्ता कसा होता ते विचारलं. मी वाट बघत होतो, ती आता ऑफिसचं विचारेल. निदान माळ अजून आहे का, एवढं तरी. शेवटी मीच म्हणालो, “सगळं चालतंय तिकडं, आक्का.”

“चालंलच की,” ती म्हणाली, आणि ट्रॅक्टरकडं बघत राहिली. मग एकदम माझ्याकडं वळली. “अण्णा, तुमाला गाडी येत्या की. क्लच सोडताना माझा पाय थरथरतोय आनि मग त्ये बंद पडतंय. तुमी काय करता?”

एखादी गोष्ट कशी करायची, हे इतक्या वर्षांत तिनं मला कधी विचारल्याचं आठवत नाही. मी कप खाली ठेवला. टाच खाली टेकवायची, सांगितलं. क्लच एकदम सोडायचा नाही, अर्ध्यावर आला की इंजिनाचा आवाज जड होतो, तिथं क्षणभर थांबायचं, मग उरलेला सोडायचा. ती मान खाली घालून, माझ्या पायाकडं बघत, एकेक शब्द ऐकत होती. मी बुटानं मातीवर दाबून दाखवलं. तिनं तिच्या पायानं दाबून बघितलं.

“टाच खाली,” ती म्हणाली.

“टाच खाली.”

तिनं तिचा चहाचा कप माझ्या हातात दिला आणि जाऊन ट्रॅक्टरवर चढली. वहिनी माझ्याजवळ बांधावरच राहिली. इंजिन चालू झालं. आवाज जड झाला, क्षणभर तसाच राहिला, आणि मग ट्रॅक्टर गचका न देता पुढं सरकला. सरकत गेला. शेताच्या मध्यावर गेला तरी तिनं मागं वळून बघितलं नाही.

“आता थांबत न्हाईत त्या,” वहिनी म्हणाली. “थांबवायचं अजून शिकवलो न्हाय मी.”

ती ओरडत शेतात धावली. मी बांधावर उभा राहिलो, तिचा कप दोन्ही हातांत धरून. लांब टोकाला ट्रॅक्टर वेडावाकडा वळत होता आणि आक्काचं हसणं तिथवरून ऐकू येत होतं. मी शिकवलं होतं तिला ते. तरी मला जे वाटत होतं तो तोच हेवा होता.